मुकादमाची शेवटची टोळी

तापीकाठच्या गावांत केळी कापणाऱ्या टोळ्या पुष्कळ, पण व्यापारी आधी फोन करायचे ते हेमकांत मुकादमाला. घरची शेती होती, बाप दोधू अजून हिंडताफिरता होता, तरी हेमकांतचा जीव शेतापेक्षा टोळीत. एकानं घड कापायचा, दुसऱ्यानं तो खाली पडू न देता खांद्यावर झेलायचा, तिसऱ्यानं ट्रकमध्ये पाल्यावर मांडायचा. घड जमिनीला लागला की केळं काळं पडतं, आणि मग व्यापारी तणतणत येतो, कोणाच्या हातून पडला म्हणून. अशा वेळी हेमकांत पुढे होऊन सांगायचा, "मन्हा हातथून पडना." मुकादम घडाला हात लावत नाही हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असायचं. पण मुकादमानं अंगावर घेतलं की विषय संपायचा. नुकसान टोळीत वाटून जायचं, नाव कोणाचं पुढे यायचं नाही. टोळीचा रिवाजच तो, आणि हेमकांतला त्याचा भारी अभिमान.

मग एका दुपारी भरलेल्या ट्रकवर चढून दोर आवळताना दोर तुटला आणि हेमकांत पाठीवर पडला. ते पडणं कोणालाच अंगावर घेता आलं नाही. सुरतला ऑपरेशन झालं, मणक्यात सळ्या बसल्या, कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. तिथल्या डॉक्टरांनी नंदुरबारच्या बाहेर एका ट्रस्टनं काढलेल्या केंद्राचा पत्ता दिला. तिथे माणसाला पुन्हा चालवतात, असं गावात कोणीतरी ठोकून दिलं होतं. तिथे कोणी चालवत नाही. चालल्यावाचून जगायला शिकवतात. हे उमगल्यावर हेमकांत काही दिवस कोणाशी बोलला नाही. कोणी फार आग्रहही केला नाही, कारण त्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेनं ते दिवस काढलेले होते.

त्याला बोलतं केलं ते कामिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. ती गावात अंगणवाडी चालवते. बोलायला गोड वगैरे नाही, पण जे बोलते ते पाळते. पहिल्याच भेटीत ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हना सगळा करसू. रांधसू, धुसू, लघवीनी नळी बदलसू. पन मी तुम्हले उचली नही शकत. आई गुडघास्नी अधू, बाबा म्हतारा. खाटवरथून खुर्चीवर तुम्ही तुम्हना हातवर येवाले शिका. तितलं शिका, मंग घर चला."

डॉक्टरांचं म्हणणंही तेच होतं. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून परत खाटेवर, कोणी हात न लावता. ते जमलं की सुट्टी. दोन्हीकडून एकच अट आल्यामुळे हेमकांतला बरं वाटलं. निदान काय करायचं ते तरी कळलं.

ते शिकवायचं काम मोहिनी मॅडमचं. व्यायाम करून घेणारी ही फिजिओ वयानं पोरगीच, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतले पेशंटही व्यायाम करायला लागायचे. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची, हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आणि सरकायचं. ऐकायला सोपं. हेमकांतचे दंड मुकादम होण्याआधीच्या घडांनी घडवलेले, त्याला वाटलं आठवड्यात जमेल. पहिल्या दिवशी तो फळीवरून पिशवीसारखा कलंडला आणि मॅडमच्या खांद्यावर आदळला. "परत," मॅडम म्हणाल्या. त्यांना तो एकच शब्द येतो, असं वॉर्डात सगळे म्हणत.

वॉर्ड वत्सला सिस्टरचा. चिंचपाड्याकडच्या, केस पिकलेल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. नळ्या, गोळ्या, कुशी बदलणं, सगळं त्यांच्या डोक्यात. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एका कुशीवर फार वेळ ठेवलं की खालची कातडी आतल्या आत सडते आणि त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलायची. सांगायच्या सिस्टर, पण प्रत्यक्ष वळवायची रूपलीबाई. ती सातपुड्यातल्या पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी, पेशंटांशी मोडकीतोडकी अहिराणी. वॉर्डातली आया. अंगानं काटकुळी, पण माणसाला वळवताना कमरेखाली हात असा घालायची की हेमकांतला टोळीतला झेलणारा आठवायचा.

दर बुधवारी गिरासे सर सगळ्यांना घेऊन फेरी काढत. दिलवरसिंग गिरासे, मोठे डॉक्टर. प्रत्येक खाटेशी उभं राहायचं, मॅडमनी त्यांचं सांगायचं, सिस्टरनी त्यांचं सांगायचं, सरांनी दोघींना विचारायचं, शेवटी पेशंटला. हेमकांतला ही फेरी फार आवडायची. खोटं कशाला बोला, त्याचे डोळे भरून यायचे. आपल्या एका फुटक्या मणक्यासाठी इतकी शिकलेली माणसं एकमेकांचं ऐकून घेतायत, याचं त्याला नवल वाटायचं. मनातल्या मनात त्यानं त्यांना टोळीच म्हणून टाकलं होतं. एक गोष्ट मात्र त्याच्या डोळ्यांना खुपायची. रूपलीबाई फेरीत नसायची. ती दाराशी भांडं घेऊन उभी असायची, फेरी पुढे सरकली की आत यायची. त्याच्या टोळीत झेलणाऱ्याला बाहेर ठेवून कापणीचं बोलणं कधी झालं नव्हतं. पण मोठ्यांच्या जागी आपण काय बोलायचं, असं म्हणून तो गप्प राहिला. जित्याजागत्या माणसाला गप्प बसायला कारण लागत नाही.

पावसाळा संपता संपता फळी जमायला लागली. खाटेवरून खुर्चीत तो आपला आपण येऊ लागला. परत जाताना मात्र अजून अडखळायचा. मॅडमनी ठरवलं की पुढच्या बुधवारी कामिनीला बोलवायचं आणि तिच्यासमोर, सरांसमोर दोन्ही करून दाखवायचं. जमलं की घरी. हेमकांतनं त्या रात्री घरी फोन लावून आईला, बेबीबाईला, पुढच्या खोलीतलं धान्य हलवून आपल्या खाटेला जागा करायला सांगितलं. बेबीबाई फोनवरच रडायला लागली, तर हा वैतागला.

आणि त्याच आठवड्यात ती दुपार आली. दुसऱ्या एका पेशंटला एक्स-रेसाठी गावात न्यायचं होतं. सिस्टरनी रूपलीबाईला सोबत पाठवलं. जाण्याआधी तिनं हेमकांतला जेवणानंतर पाठीवर निजवलं. सिस्टरना वाटलं, तो मॅडमकडे व्यायामाला गेलाय. मॅडमना वाटलं, आज सिस्टरनी त्याला विश्रांती दिलीय. दोघींचं वाटणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि त्या दोन बरोबर वाटण्यांच्या मध्ये हेमकांत तिन्हीसांजेपर्यंत पाठीवर पडून राहिला. त्याला कूस बदलायची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण हाक मारावी तर सिस्टर कामात असतील, येतीलच, म्हणून त्यानं मारली नाही. मग डोळा लागला.

रूपलीबाई परतली, तिनं त्याला वळवलं आणि तिचा हात थांबला. माकडहाडावर तांबडा डाग पडला होता. तिनं बोटानं दाबून पाहिला. बोट काढल्यावरही तांबडाच, म्हणजे आत सडायला लागलेलं.

"भाऊ, लाल व्हयी गयं शे. सिस्टरले सांगस मी."

हेमकांतनं तिचा हात धरला. या बाईला पावसाळ्याच्या तोंडाशी अशाच एका डागावरून सगळ्यांदेखत बोलणी बसली होती, ते त्यानं पाहिलं होतं. पुन्हा असं झालं तर काम सोडायचं, असं तिला सांगून झालं होतं. तिचा माणूस नाही, पाड्यावर दोन पोरी. आणि हे सगळं खरं असलं तरी एवढंच खरं नव्हतं. डाग कळला की मॅडम खुर्ची बंद करणार, बुधवार जाणार, कामिनी येऊन तशीच परतणार, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं होतं. यातलं आधी काय दिसलं, ते त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

"सांगू नको," तो म्हणाला. "दोन दिनमा जाई ते. तू माले कुशीवर जास्ती ठेव, बस."

"पन सिस्टर इचारी तर?"

"इचारं तर मी बोलसू. आनि मी जे बोलसू, तेच तू बोल. काही बी व्हवो. दोन्हीस्नं तोंड एक ऱ्हावाले पाहिजे. समजनं का?"

बाईच्या चेहऱ्यावर भीती होती. पण मुकादमाच्या आवाजात काहीतरी असं होतं की तिनं मान हलवली. आपल्यासाठी कोणी असं बोलतंय याची तिला सवय नव्हती. हेमकांतला मात्र कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. पाय गेले तरी माणूस राखायची अक्कल गेलेली नाही, असं त्याला वाटलं. वेड्याला काय ठाऊक की केळ्यावरचा डाग आणि अंगावरचा डाग यांत फरक असतो. केळं पुढे निघून जातं, अंग आपल्यापाशीच राहतं.

संध्याकाळी सिस्टरनी व्यायाम झाला का विचारलं, सकाळी मॅडमनी विश्रांती झाली का विचारलं, तेव्हा झालेला घोळ हेमकांतला कळला आणि त्यानं दोघींनाही हो म्हटलं. रूपलीबाईनं तिचं काम इमानानं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून मोहिनी मॅडमनी बुधवारची तयारी जोरात सुरू केली. "परत," "परत," आणि हेमकांत फळीवर घासत राहिला. एका हातानं बाई जे सांभाळायची ते दुसऱ्या हातानं मॅडम नकळत उलटवायच्या, आणि मध्ये ज्याला दोन्ही माहीत होतं तो दात आवळून हसत होता. दुखत नव्हतंच काही. दुखलं असतं तर कदाचित तोंड उघडलं असतं.

बुधवार उजाडायच्या आदल्या दिवशी फळीच्या कापडावर ओला डाग दिसला. मॅडमनी आधी कापडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना त्या दिवशी "परत" म्हणता आलं नाही. त्यांनी सिस्टरना हाक मारली, सिस्टरनी वळवून पाहिलं, आणि गिरासे सर हातातलं काम टाकून आले. कालपर्यंत वर नुसता डाग दिसत होता, आज कातडी फाटली होती आणि आतल्या आत मूठभर पोकळी झाली होती.

"हे एका दिवसाचं नाही," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. "कूस कोणी बदलली नाही? सिस्टर?"

सिस्टरनी दाराकडे पाहिलं. दारात रूपलीबाई उभी होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

आणि हेमकांत मुकादम पुढे झाला. पालथा पडल्या पडल्या झाला, पण झालाच. "सर, कोणाची चूक नाही. बाई यायच्या वळवायला. मीच नको म्हणायचो. झोपमोड व्हायची."

"एकदाच असं झालं, की नेहमी?"

एकदाच म्हटलं तर कोणाला पटणार नाही, असं त्याला वाटलं. "बऱ्याचदा," तो म्हणाला.

खोलीतल्या तिघांचाही जीव भांड्यात पडला. तो आवाज हेमकांतला ऐकू आला, आणि व्यापारी गप्प झाल्यावर वाटायचं तसंच त्याला वाटलं. विषय संपला. पण व्यापारी शिव्या घालून निघून जातो, मुकादमाला पुन्हा बोलावतो. इथे तसं नव्हतं. त्याच्या शब्दाला इथे कोणी हसून सोडून दिलं नाही. सगळ्यांनी तो खरा धरला. पेशंट ऐकत नाही, असं ठरलं. ठरवताना कोणाच्या मनात खोट नव्हती. इतके दिवस तिघांनी जिवाचं रान केलं होतं, मग बिघडलं कशानं, या प्रश्नाला पेशंटनंच उत्तर देऊन टाकलं होतं. कोणाला नको असतं असं उत्तर?

त्यानंतर तो पालथा पडला तो पडलाच. जखम भरेपर्यंत पाठीवर नाही, खुर्चीत नाही, फळीवर नाही. खाटेला नि गादीला डोक्याशी भोक पाडलेलं, त्यात तोंड ठेवायचं, त्यातून खालची फरशी दिसे. माणसं आली की त्यांचे पायच तेवढे कळत. मॅडमचे बूट आता क्वचित येत. पूर्वी त्या त्याच्याशी भांडायच्या, आता नीट बोलायच्या, आणि ते त्याला फार लागायचं. महिना गेला, दंड सुकत चालले. घडांनी घडवलेले दंड, पण काम नसलं की त्यांनाही कोण विचारतो.

दिवाळीआधीच्या बुधवारी सरांनी कामिनीला बोलावून घेतलं. फेरी हेमकांतच्या खाटेशी आली. त्याला पाय दिसले: सरांचे काळे बूट, मॅडमचे, सिस्टरच्या पांढऱ्या चपला, आणि टाचा फुटलेले कामिनीचे. ते पाय पाहून त्याला बोलावंसं वाटलं, पण सरांनी आधीच सुरुवात केली.

सर बोलत होते ते चांगुलपणानंच. जखम खोल आहे, शस्त्रक्रिया लागेल, सात-आठ महिने तरी बसता येणार नाही. तोवर ही खाट अडवून ठेवता येत नाही, बाहेर माणसं थांबली आहेत. घरी न्या, सिस्टर ड्रेसिंग शिकवतील, शस्त्रक्रियेच्या वेळी परत आणा. फळीचं नंतर बघू. "पण एक आहे ताई," ते म्हणाले, "त्यांची इच्छा हवी. ते कूस बदलू देत नव्हते. आम्ही सगळे कितीही झटलो तरी पेशंटनंच नाही म्हटलं तर आमचे हात बांधले जातात."

कामिनीचे पाय हलले नाहीत. "ह्या नको म्हनेत?" तिनं विचारलं.

"त्यांनी स्वतःच सांगितलं. बऱ्याचदा, म्हणाले."

मग कामिनी बोलली ती डॉक्टरांशी नाही, त्याच्याशी. आवाज बारीक होता. "मी तठे धान्यना कोठ्या एकली हालाड्यात. आईना पाय चोळीसन अंगनवाडीमा जास. मी म्हनं, मन्हा मानूस तठे जीव काढी ऱ्हायना, माले काय हुई. आनि तुम्हले झोप पाहिजे व्हती."

टोळी, मुकादम, सगळं हेमकांतच्या डोक्यातून गळून गेलं. त्यानं भोकातून मान वळवायचा प्रयत्न केला, जमेल तितकी वळवली आणि अहिराणीत, मराठीत, जे येईल त्यात बोलत सुटला. खोटं शे ते. मी नको नाही म्हटलं. ती दुपार, एक्स-रे, सिस्टरना वाटलं मॅडमकडे, मॅडमना वाटलं सिस्टरकडे, मी तसाच पडून होतो. डाग मी लपवला. बाईला सांगू नको म्हटलं मी. बाईला विचारा.

मॅडमचे बूट मागे सरकले. त्यांना ती दुपार आठवत असावी, किंवा आठवू लागली असावी. सिस्टरच्या चपला जिथल्या तिथे होत्या.

"रूपलीबाईंना आत बोलवा," सर म्हणाले. तिला मागच्या मोरीवरून बोलावून आणलं. पहिल्यांदाच ती फेरीत आली. अनवाणी पाय, चपला दाराबाहेर काढलेल्या.

"बाई, खरं सांगा. घाबरू नका. पेशंट तुम्हाला वळवू देत नव्हता की तुमच्याकडूनच वळवायचं राहिलं?"

हेमकांत त्या पायांकडे बघत होता. पायाचा अंगठा फरशीवर घासला, थांबला.

"म्या येव साहेब, टायमावर," रूपलीबाई म्हणाली. "भाऊ म्हने, नको वळवू. झोप येस माले. लई दिन म्हने."

तिनं ते एका दमात म्हटलं, पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या शाळकरी पोरीसारखं. पुढे कोणी काही विचारलं नाही. सर "ठीक आहे" म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हेमकांतविषयी दया होती. संकटात सापडलेला माणूस बायकोसमोर कोणावर तरी ढकलतोच, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलेलं असणार. फेरी पुढच्या खाटेकडे गेली.

कामिनी उरली. "आते गरीब बाईवर लोटी ऱ्हायनात," ती म्हणाली. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं स्टुलाखालची पिशवी उचलली. "सनवारले गाडी लई येस. मागनी पडवीमा खाट टाकसू. पुढली खोलीमा धान्य परत भरी देस मी. तुम्हले आते ती काय करनी." तिचे पाय दाराकडे गेले, सिस्टरकडून ड्रेसिंग शिकून घ्यायला. जे बोलते ते पाळते, म्हणजे ती शनिवारी येणार होती, त्याला नेणार होती, धुणार होती, नळी बदलणार होती. त्यात खंड पडणार नव्हता. फक्त त्याच्यावर तिचा जो भरवसा होता, तो आज या फरशीवर संपला होता, आणि तो परत कसा मिळवायचा हे शिकवणारं माणूस त्या केंद्रात कोणी नव्हतं.

हेमकांत भोकातून फरशीकडे बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी सरळ खाली पडत होतं.

थोड्या वेळानं अनवाणी पाय परत आले. रूपलीबाई खाली उकिडवी बसली, मान वाकडी करून भोकातून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. तिच्या कपाळावर घाम होता. आपण परीक्षा दिली, आता मास्तर काय म्हणतो याची वाट बघावी, तशी ती बघत होती.

"भाऊ," तिनं हळूच विचारलं, "मी बराबर बोलनी ना? तुम्ही सांगं व्हतं तसंच?"

हेमकांतला ओरडावंसं वाटलं. पण तिला आत बोलावलं त्याआधी तो काय बोलला, ते मोरीवर तिला ऐकू गेलेलं नव्हतं. आणि मुकादमानं शब्द दिला होता.

"बराबर बोलनी," तो म्हणाला.

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले, आणि दुसऱ्या पेशंटची कूस बदलायला उठून गेली.